पान लागल्यावर, म्हणजे साप चावल्यावर, दवाखान्यात जाणं अडवलं तर जबाबदार कोण, आणि तक्रार कशी करायची

माझ्या मावशीचा मुलगा १९ वर्षांचा होता. उमरेडच्या पलीकडे त्यांचं गाव, पावसाळ्याचे दिवस, खाली गोधडीवर झोपला होता. रात्री दोनला उठला आन म्हणाला, माय, पोट लय दुखून राहिलं. चावल्याचा डाग कुठंच दिसेना, पण पापण्या खाली यायला लागल्या तेव्हा काकांच्या लक्षात आलं की पान लागलं (आमच्याकडे रात्री सापाचं नाव घेत नाहीत). दारात शेजाऱ्याची गाडी उभी होती, डिझेल होतं, ड्रायव्हर जागा होता. पण शेजारच्या गावचा मांत्रिक आला आणि म्हणाला, गाडीत घालू नका, नाला ओलांडला की विष डोक्यात चढते. मग लिंबाचा पाला चघळायला दिला, कडू लागते का गोड लागते विचारत राहिला, पोराला जीभ हलवता येत नव्हती. सकाळी नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत डॉक्टरने तोंड उघडलं तर गालात तो हिरवा चोथा तसाच चिकटून होता, मी बाजूलाच उभी होते, तो चोथा अजून डोळ्यासमोरून जात नाही.

पोरगं गेलं. कोणी तक्रार केली नाही, कारण अशी तक्रार करता येते हेच घरात कोणाला माहीत नव्हतं. आता मी सिव्हिल लाइन्सला कोर्टाजवळ एका वकिलांकडे टायपिंगचं काम करते, अशा तक्रारी माझ्या हातून जातात, म्हणून जे तेव्हा माहीत असायला हवं होतं ते इथे लिहून राहिले.

सगळ्यात आधी पेशंट, कायदा नंतर. १०८ ला फोन करा, गाडी यायला वेळ लागत असेल तर मिळेल त्या गाडीने निघा आणि रस्त्यातच जवळच्या ग्रामीण रुग्णालयात फोन लावून सापाचं इंजेक्शन आहे का विचारा. करकचून दोरी बांधू नका, ब्लेडने चिरू नका, तोंडाने ओढू नका, हातापायातली अंगठी, कडं, जोडवी काढा आणि ज्या हातापायाला चावलं तो हलू देऊ नका. साप शोधायला कोणी थांबू नका, मण्यार चावली तर सूज येत नाही, दुखतही नाही फारसं, पोटात दुखणं आणि पापण्या जड होणं एवढ्यावरच ओळखावं लागतं, म्हणून पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाचं पहाटेचं पोटदुखणं अपचन समजून सोडू नका.

घरातले म्हातारे ऐकत नसतील तर त्यांच्याशी देव आहे की नाही यावर भांडत बसू नका, तेवढा वेळ तुमच्याकडे नाहीच. आजी, अंगारा लावा, पण गाडीत बसून लावा, एवढंच म्हणा. हे मी तीन घरांत सांगून पाहिलं, तिन्ही ठिकाणी गाडी हलली. कायद्यालाही तेवढंच पाहिजे. घरात, देवळात, दर्ग्यात, चर्चमध्ये केलेली प्रार्थना, नवस, पूजा, ज्याने कोणाच्या शरीराला किंवा खिशाला इजा होत नाही, त्याला महाराष्ट्राच्या कायद्यात हात लावलेला नाही. गुन्हा सुरू होतो तो उपचार अडवला की.

आणि मांत्रिकाचे इतके लोक बरे कसे झाले, हा प्रश्न हमखास येतो, त्याचं उत्तर तयार ठेवा. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी, धामण, धोंड्या, कवड्या. विषारी म्हणजे मुख्य चार, नाग, मण्यार, घोणस, फुरसं, आणि तेसुद्धा प्रत्येक चाव्यात विष सोडतात असं नाही. म्हणजे ज्यांना विष चढलंच नव्हतं ते सगळे मांत्रिकाच्या खात्यात जमा झाले. कुत्र्याचं तर याहून वाईट, रेबीजची लक्षणं दिसायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात, तोपर्यंत बाबा म्हणतो उतरवलं, आणि लक्षणं आली की मग कोणताच डॉक्टर वाचवू शकत नाही. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस. कावीळही तशीच, बरीचशी आपोआप ओसरते आणि श्रेय मांत्रिकाच्या माळेला मिळतं, पण गरोदर बाईला कावीळ झाली आणि ती माळ घालून घरी बसली तर जीव जातो.

आता कायदा कोणता. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर लगेच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये नागपूरच्याच हिवाळी अधिवेशनात जादूटोणा विरोधी कायदा मंजूर झाला. लोक या नावाने ओळखतात, पूर्ण नाव लांबलचक आहे. त्याला एक परिशिष्ट आहे, त्यात १२ गोष्टी लिहिलेल्या आहेत, त्या सोडून बाकी कशाला हा कायदा लागत नाही, हे आधी समजून घ्या. आपल्या कामाच्या तीन. साप, कुत्रा, विंचू चावलेल्या माणसाला उपचार घेण्यापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं. भुताखेताची भीती घालून दवाखान्यात जाऊ न देणं आणि अघोरी उपाय करायला लावणं. आणि भूत उतरवतो म्हणून बांधून ठेवणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, चटके देणं. शिक्षा कमीत कमी ६ महिने, जास्तीत जास्त ७ वर्षं, दंड ५ हजार ते ५० हजार. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात आणि जामीन हक्काने मिळत नाही, कोर्टाकडेच मागावा लागतो.

माणूस गेला असेल तर अडवणाऱ्यावर शिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ येतं, निष्काळजीपणाने मृत्यू, ५ वर्षांपर्यंत शिक्षा. पैसे उकळले असतील तर फसवणूक, कलम ३१८. ही संहिता १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना, त्याआधीचं असेल तर जुनं आयपीसी लागेल, तारीख बघूनच कलम टाकावं लागतं आणि इथे बरेच जण चुकतात.

जबाबदार कोण, यावर घराघरात भांडणं होतात म्हणून जरा थांबून सांगते. मांत्रिक तर आहेच. पण "चला मी नेतो, माझ्या ओळखीचा बाबा आहे" म्हणत गाडी वळवणारा, कमिशन घेणारा, त्याच्याच नावाने पत्रकं वाटणारा, यांनाही सोडलेलं नाही, चिथावणी देणाऱ्याला आणि प्रचार करणाऱ्यालाही हाच कायदा लागतो. भिंतीवर, ऑटोच्या मागे "ताईताने शुगर बरी" अशी जाहिरात करणाऱ्याला वेगळा कायदा आहे, १९५४ चा, त्यात मंत्र, ताईत, कवच यांनी रोग बरा होतो अशी जाहिरात करणंच गुन्हा आहे, तिचा फोटो काढून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार देता येते.

शहाणासुरता मोठा माणूस स्वतःच्या मर्जीने म्हणाला की मला दवाखान्यात जायचं नाही, तर तो त्याचा हक्क, त्याला ओढून नेता येत नाही. पण ती मर्जी खरी पाहिजे. भीती घालून किंवा खोटी समजूत करून देऊन मिळवलेली संमती ही फौजदारी कायद्यात संमती धरत नाहीत. नाला ओलांडला तर मरशील असं सांगून मिळवलेला होकार कसला होकार. मावशीच्या घरी सगळे हेच म्हणत बसले की आपणच तर हो म्हटलं होतं, आणि त्या अपराधात सगळं दबून गेलं.

लहान लेकराचं वेगळं. लेकराच्या वतीने आईबापाला श्रद्धा निवडता येते, मरण निवडता येत नाही. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७५, ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने जाणूनबुजून दुर्लक्ष केलं आणि त्याला त्रास झाला तर ३ वर्षांपर्यंत शिक्षा किंवा १ लाख दंड किंवा दोन्ही. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाला तापलेल्या विळ्याने चटके देतात, डंबा म्हणतात त्याला, आणि देणारी बहुतेक वेळा घरचीच म्हातारी असते. अशा वेळी काय करायचं? माझं मत स्पष्ट आहे, बाळ अजून जिवंत असेल तर पहिला फोन १०९८ ला, चाइल्डलाइन, तिथून गोष्ट बाल कल्याण समितीपर्यंत जाते आणि समिती मुलाला उपचार मिळतील असा आदेश देऊ शकते. आईला जेलमध्ये घालायची घाई करू नका, तिला घाबरवलं कोणी ते शोधा. मात्र डॉक्टरांनी तोंडावर सांगूनही कोणी बाळ वॉर्डातून उचलून बाबाकडे नेत असेल तर तिथे मी गय करा म्हणणार नाही.

वॉर्डातून नेण्यावरून आठवलं. "स्वतःच्या जबाबदारीवर सुट्टी" असा कागद सही करून लोक पेशंट नेतात आणि वाटतं आता सगळं आपल्याच गळ्यात. तो कागद दवाखान्यापुरता. ज्याने फोन करून करून सुट्टी घ्यायला लावली त्याची जबाबदारी त्या सहीने पुसली जात नाही, उलट सुट्टीची वेळ आणि त्याच्या कॉलची वेळ शेजारी ठेवली की तोच पुरावा होतो.

पुरावा हाच सगळ्यात कच्चा भाग राहतो, म्हणून नीट वाचा. दवाखान्यात गेल्या गेल्या डॉक्टरला खरं सांगा. लाज वाटते, डॉक्टर ओरडतील अशी भीती वाटते, म्हणून लोक सांगतात की आत्ताच चावलं. असं करू नका. किती वाजता चावलं, कोणाकडे नेलं, काय पाजलं, काय बांधलं, किती वेळ ठेवलं, हे केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा. उपचारासाठी तर ते लागतंच, आणि कोर्टात ते कागद तुमच्या शंभर साक्षींपेक्षा जड असतात. पोलीस केस आहे म्हणून तातडीचा उपचार थांबवता येत नाही, सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच ते ठरवलं आहे, तेव्हा त्या भीतीनेही काही लपवू नका. मृत्यू झाला तर पोस्टमॉर्टेमला नाही म्हणू नका. मला माहीत आहे हे किती कठीण आहे, मावशीने हात जोडले होते की माझ्या लेकराला फाडू नका, पण पोस्टमॉर्टेम नसेल तर पुढे आरोपीचा वकील म्हणतो की सापच चावला नव्हता.

जडीबुटी, पुडी, दोरा, बाटली फेकू नका, धुवू नका, कागदी पाकिटात घालून तारीख टाकून ठेवा. फोनपेने पैसे दिले असतील तर स्क्रीनशॉट काढा आणि बँकेचं स्टेटमेंटही घ्या. व्हॉट्सअॅप चॅट डिलीट करू नका, व्हिडिओ ज्या मोबाइलमध्ये काढला तो मोबाइल विकू नका, फॉरमॅट करू नका, कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत सर्टिफिकेट लागतं आणि मूळ मोबाइल असला तर ते सोपं जातं. गाडीचा ड्रायव्हर, शेजारी, पोलीस पाटील, जे जे तिथे होते त्यांची नावं त्याच दिवशी वहीत लिहा, महिन्याभरात माणसं "मला तर आठवत नाही बापा" म्हणायला लागतात.

तक्रार जवळच्या कोणत्याही ठाण्यात देता येते. हद्द आमची नाही म्हणाले तर झिरो एफआयआर मागा, आता तो कायद्यातच आहे, नागपुरात पेशंट गेला आणि घटना कुही किंवा भिवापूरकडची असली तरी इथे नोंद होते आणि कागद तिकडे जातात. जादूटोणा कायद्यात दक्षता अधिकारीही आहे, तो पोलीस निरीक्षक दर्जाचा असतो, त्याचं पद तक्रारीत लिहा. ठाण्यात घेतच नसतील तर लेखी तक्रार पोस्टाने एसपींना, शहरात असाल तर पोलीस आयुक्तालयात पाठवा, पोस्टाची पावती जपा, तरीही नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००, बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो.

घरात कोणाला वेड लागलं म्हणून साखळीने बांधून ठेवलं असेल तर तेही इथेच सांगते, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळी कोणत्याही स्वरूपात बंद आहे. तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांना ठेवायच्या आश्रमात २००१ मध्ये आग लागली तेव्हा साखळ्यांमुळे २८ माणसं जागची हलू शकली नाहीत आणि जळून मेली. नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि फोनवर बोलायचं असेल तर १४४१६, मराठीत बोलता येतं.

तक्रार लिहिताना "बाबा ढोंगी आहे, अंधश्रद्धा पसरवून राहिला" असं लिहू नका, त्याने काही होत नाही. २०२३ च्या जानेवारीत नागपुरातच भरलेल्या एका बाबाच्या मोठ्या दरबाराबद्दल तक्रार झाली होती, पोलिसांनी व्हिडिओ पाहिले आणि कायद्यात बसेल असं काही सापडलं नाही म्हणून सांगितलं. मंचावरच्या बोलण्यावरून केस उभी राहणं कठीण. एक पेशंट, एक तारीख, एक अडवणूक दाखवा. मी साधारण असं टाइप करते: "अमुक तारखेला रात्री २ वाजता माझ्या मुलाला साप चावला. दारात गाडी तयार होती. २.३० वाजता आरोपी आला व गाडीत घालू नका, नाला ओलांडला तर मरेल, असे म्हणाला. त्या भीतीने आम्ही थांबलो. त्याने पाला खायला दिला, ५०१ रुपये घेतले. ६.३० पर्यंत त्याने दवाखान्यात नेऊ दिले नाही. साक्षीदार अमुक, अमुक." बस. रडणं, शिव्या, देवधर्मावरची मतं, काही नको. "जाऊ दिले नाही" हे वाक्य मात्र राहिलंच पाहिजे आणि कोणत्या शब्दांनी अडवलं ते जसंच्या तसं, त्याच्याच बोलीत. सही करायच्या आधी ठाण्यात लिहिलेलं वाचून दाखवायला सांगा, बऱ्याचदा तिथे "दवाखान्यात नेण्यास उशीर झाला" एवढंच लिहिलेलं असतं, आणि अडवणारा माणूस कागदावरून गायब. ते दुरुस्त करून घ्या, मग सही करा, आणि एफआयआरची कॉपी फुकट मिळते ती घेऊनच ठाण्यातून निघा.