जमातींचं वैर, देवांची भांडणं: खेळाचं जग रचताना या चुका टाळा

टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत खेळायच्या भूमिका-खेळात (टेबलटॉप आरपीजी) गोष्ट चालवणारा तो गेम मास्टर. नवं जग रचायला बसलेला गेम मास्टर बहुतेक वेळा आधी दोन देव बनवतो, मग त्यांचं भांडण लावतो आणि शेवटी त्या भांडणासाठी दोन जमाती उभ्या करतो. खेळ तिथंच पांगळा होतो. आपल्याकडे गावात वैर कसं लागतं ते बघा: कुणाच्या वखरानं धुरा (शेताची हद्द) वीतभर सरकला, कुणी पांदण अडवली, मामा (माजी मालगुजारी) तलावाचं पाणी आधी कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, गेलं. देव त्यात मागून येतो. पण एकदा आला की तडजोड जवळपास अशक्य होते, आणि खेळाला हवी असते ती नेमकी हीच अडचण.

वैराला एकच कारण देणं

"सूर्याची लेकरं चंद्राच्या लेकरांचा द्वेष करतात" एवढंच लिहिलं, तर पहिल्याच सेशनला (खेळाच्या बैठकीला) खेळाडू "काहून?" विचारतात आणि उत्तर मिळालं नाही की तलवार काढतात. प्रत्येक वैराखाली तीन ओळी हव्यात: रोजचं कारण, देवाचं कारण आणि जुनी उधारी.

नमुना घ्या. एक खोरं, त्यात एकच तलाव. वरच्या अंगाला घणकरी, लोखंड घडवणारे, त्यांचा देव ठिणगोबा. खालच्या अंगाला धान लावणारे बांधकरी, त्यांची देवी ओलाई. रोजचं कारण: भट्टीची राख पाटात उतरते. देवाचं कारण: ठिणगोबाचा नेम असा की नव्या फाळाला पहिल्या पावसाआधी तलावाचंच पाणी द्यायचं, आणि ओलाईचं वर्ज्य असं की उन्हाळाभर त्या पाण्याला लोखंड लागू द्यायचं नाही. उधारी: घणकऱ्यांचा मानाचा घण दोन पिढ्यांपासून बांधकऱ्यांच्या देवळात अडकून पडलाय. एवढ्यावर चार-पाच सेशन आरामात निघतात.

एका बाजूचा देव खोटा ठरवणं

या जगात प्रार्थना फळते. मग भोंदू पुजाऱ्याचा पर्दाफाश हा सर्वात आळशी शेवट झाला. आपल्या खोऱ्यात फाळाला तलावाचं पाणी दिलं नाही तर तो नांगराच्या पहिल्याच ओळीला मोडतो; दिलं तर खालच्या बांधीतलं पऱ्हं पिवळं पडतं. दोन्ही गोष्टी खऱ्या. आता खेळाडूंना वाट शोधावी लागते: दुसरं चालणारं पाणी, नेमातली पळवाट, नाहीतर दोन्ही पुजाऱ्यांचे पाय धरणं.

देव शूर आहे, कोपिष्ट आहे, ही विशेषणं खेळात कामी येत नाहीत. लिहायचं ते इतकंच: त्याची सत्ता कशावर, त्याचं वर्ज्य काय, चमत्काराची किंमत काय. वर्ज्य असं निवडा की ते प्रत्येक सेशनला एकदा तरी आडवं येईल. वर्षातून एकदाचा उपवास कुणाच्या लक्षातही राहत नाही.

एक जमात, एक देव

नकाशा रंगवायला सोपा, खेळायला कंटाळवाणा. रूनक्वेस्ट (१९७८) हा भूमिका-खेळ ज्या ग्लोरँथा नावाच्या काल्पनिक जगात खेळला जातो, तिथल्या प्रॅक्सच्या भटक्या जमाती वाहा आणि इरिथा या त्याच देवांना भजतात, तरी एकमेकींची जनावरं पळवतात. देव सामाईक, कळप वेगळे, आणि तेवढं वैराला पुरतं. उलटी बाजू आपल्याच भागात सापडते. गोंड समाजात चार, पाच, सहा, सात अशी देवसंख्येवरून सगांची (कुळगटांची) विभागणी आहे आणि सारख्या देवसंख्येत लग्न जुळत नाही. म्हणजे वेगळे देव असणं हीच तिथं सोयरिकीची अट.

तुमच्या जगात दोन्ही गोष्टी मिसळा. तीन जमाती असतील तर दोनच पंथ ठेवा, आणि प्रत्येक जमातीत एक तरी घर 'पलीकडच्या' देवाचं असू द्या. सगळी गुपितं, निरोप आणि फितुरी याच घरांतून वाहते.

पहिल्या अपमानाला युद्ध

विदर्भाच्या वेशीला लागून, मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. नदीत रोवलेल्या पळसाचा झेंडा मिळवायचा असतो. माणसं जखमी होतात, जीवही गेलेत. तरी दिवस ठरलेला, जागा ठरलेली. वैराला असं वेळापत्रक आणि हद्द दिली की खेळाडू आधीपासून डाव मांडू लागतात.

त्यासाठी पायऱ्या ठरवा:

१. सणाच्या तोरणाखाली झडत्यांमधून (पोळ्याला म्हणतात तशा तुकबंदीतून) टोमणे
२. पाणी किंवा चराई अडवणं
३. जनावरं पळवणं
४. ठरलेली सोयरीक मोडणं
५. खून
६. देवस्थान बाटवणं

एका सेशनला एकच पायरी वर चढा. उतरायचं असेल तर भरपाई आणि दोन्ही बाजूंचा साक्षीदार लागेल. पळवलेली जनावरं दुप्पट परत. खुनासाठी वीस गाई, आणि त्या एकट्यानं नाही, पूर्ण कुळानं भरायच्या. मारणाऱ्या पात्राला मग काकाच्या, मामाच्या दारात गाई मागत फिरावं लागतं. त्या फेरीला अर्धं सेशन द्या. लढाईपेक्षा ती जास्त रंगते.

फाशांत मात्र हमखास गडबड होते. भेटीत समोरचा कसा वागेल यासाठी दोन सहाबाजूंचे फासे टाका, लुडोचे चालतील; बेरीज ७ किंवा जास्त आली तर तो बोलायला तयार. साधी शक्यता ५८ टक्के. बेरजेतून एक वजा केला की ४२, दोन वजा केले की २८, तीन वजा केले की १७. प्रत्येक पायरीला एक वजा केलात तर सहाव्या पायरीवर १३ लागतात, जे येणंच शक्य नाही. म्हणून दोन पायऱ्यांमागे एक वजा करा, तीनच्या पुढे नाही. सोबत पलीकडचा सोयरा असला तर एक मिळवा.

त्रयस्थ पात्रं

भाड्याचे लढवय्ये दोन्हीकडून पैसे घेतात आणि वैर बघत बसतात. पहिल्या सेशनआधी प्रत्येक खेळाडूकडून तीन गोष्टी घ्या: जमात, देव, आणि शत्रूकडचं एक जिवंत नातं. दिलेली बहीण, दूधभाऊ, कर्ज दिलेला सावकार. मेलेली नाती घेऊ नका. ती सूडापलीकडे काही देत नाहीत.

वीस पानी इतिहास

कुणी वाचत नाही. एकच घटना, दोन्ही बाजूंनी सांगितलेली, प्रत्येकी पाच ओळींत. दोन्ही कागद वेगवेगळ्या खेळाडूंना द्या आणि एकमेकांना दाखवू देऊ नका.

खऱ्या समाजांची नावं वापरणं

रचना उचला, नाव उचलू नका. गावातल्या खऱ्या जातीचं, जमातीचं किंवा दैवताचं नाव खेळात शत्रू म्हणून आलं, तर टेबलावरचं कुणीतरी गप्प होतं आणि पुढच्या वेळी येत नाही. 'जंगलातली रानटी टोळी' हा साचाही त्यातलाच; जंगलातल्या जमातीला तिचा कायदा, पंचायत आणि ठरलेला दंड द्या. खेळापूर्वी विचारून घ्या की कोणते विषय अजिबात नकोत आणि कोणते फक्त ओझरते चालतील, आणि ती यादी सर्वांना दिसेल अशी टेबलावर ठेवा. देवस्थान बाटवण्याची सहावी पायरी कुणाला नको असेल, तर पाचवर थांबा.