झोआ कोरल साफ करताना या चुका टाळा, उकळतं पाणी तर अजिबात नको

मरीन टँक, म्हणजे घरातला खाऱ्या पाण्याचा टँक, सुरू केला की बरेच जण पहिलं कोरल (जिवंत प्रवाळ) झोआच घेतात, स्वस्त पडतं, रंग भारी असतात आणि पाणी थोडं इकडंतिकडं झालं तरी तग धरतं. मुंबईहून सोलापूरला कुणीतरी सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं थर्माकोलच्या डब्यात आणतं, सकाळी स्टेशनवरून घरी आलं की पिशवी फोडायची आणि उघड्या हातानं दगड उचलून टँकमध्ये ठेवायचा. लाईट किती लागेल ते सगळे सांगतात, पण यात विष असू शकतं हे सांगत नाहीत, म्हणून हे लिहायलोय.

झोआच्या जातकुळीत (झोअँथिड), त्यातही पॅलिथोआ म्हणजे ते जाड तपकिरी-हिरवे बटणासारखे पॉलिप (कोरलचे एकेक बारके जीव), त्यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं विष सापडतं. १९७१ मध्ये हवाई बेटांवरच्या पॅलिथोआमधून शास्त्रज्ञांनी ते वेगळं काढलं. आपल्या पेशींमध्ये सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत करणारा पंप असतो, हे विष त्याला चिकटतं आणि पंपाचं दार उघडंच राहतं, मग स्नायूंपासून हृदयापर्यंत सगळीकडं त्रास. एका कॉलनीत, म्हणजे पॉलिपच्या एका झुपक्यात, भरपूर विष, शेजारच्या कॉलनीत जवळपास नाहीच असंही असतं, आणि नुसतं बघून कुणालाच कळत नाही. टँकमध्ये गप बसलेलं कोरल घरात काही करत नाही, धोका आपण ते बाहेर काढून तापवतो, घासतो, कापतो तेव्हा असतो.

सगळ्यात मोठी चूक उकळतं पाणी. पॅलिथोआ दगडभर पसरतो, बाकीची कोरलं झाकून टाकतो, मग कुणीतरी सल्ला देतं की दगड काढ, गरम पाणी ओत, मरून जाईल. पॉलिप मरतात, विष मरत नाही, उकळून ते नष्ट होतच नाही. उलट वाफेबरोबर बारीक तुषार हवेत येतात आणि ते श्वासात जातात. त्यात आपल्याकडं एप्रिल-मे म्हणजे खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कूलर नाहीतर एसी चालू, म्हणजे ती हवा घरातच फिरणार आणि पलीकडच्या खोलीत झोपलेल्या आजीला, लेकरालासुद्धा त्रास होणार. इंग्लंडात २०१८ साली ऑक्सफर्डशायरमध्ये असंच टँकमधलं कोरल साफ करताना अख्खं कुटुंब दवाखान्यात गेलं होतं. मायक्रोवेव्ह, हेअर ड्रायर, गॅसवरचं पातेलं, सगळं यातच आलं.

दुसरा प्रकार गच्चीवर दगड वाळवायचा. सोलापूरचं ऊन आहे, चार दिवसांत कडकडीत होईल आणि सगळं मरेल असं वाटतं, पण वाळल्यानं विष जात नाही, आणि नंतर कोरड्या दगडावर तारेचा ब्रश मारला की धूळ थेट नाकात जाते. दगड टाकायचाच असेल तर ओला असतानाच उघड्यावर, बादलीत ब्लीचच्या पाण्यात बुडवा, एक भाग घरगुती लिक्विड ब्लीच आणि नऊ भाग साधं पाणी, अर्धा तास तरी. त्यात टॉयलेट क्लीनर किंवा ॲसिड चुकूनही मिसळू नका, क्लोरीन गॅस होतो. हत्यारं, ट्रे, सांडलेलं पाणी, सगळ्याला हेच ब्लीच.

फ्रॅग, म्हणजे कोरलचा छोटा तुकडा, कापताना नायट्राइल ग्लोव्हज आणि बाजूनं बंद असलेला गॉगल पाहिजेच, नुसता नंबरचा चष्मा चालत नाही कारण कापताना पॉलिप पिचकारी मारतो आणि ती नेमकी डोळ्यात जाते. मशीनचं कटर नको, ब्लेड वापरा, आणि टँकच्याच पाण्यानं भरलेल्या ट्रेमध्ये कापा म्हणजे उडणार नाही. हाताला जखम असेल तर त्या दिवशी टँकमध्ये हातच घालू नका. स्वयंपाकघरातली सुरी नको, आणि आपलं तर टॉवेलचं गाव आहे, एक जुना टॉवेल फक्त टँकसाठी ठेवा, तो घरच्या कपड्यांत धुवू नका. तोंडानं पाईप ओढून पाणी काढायची सवय तर आजच सोडा, हातपंपाचा सायफन घ्या.

लाईट जाऊन चिल्लर (टँकचं पाणी थंड ठेवणारं मशीन) बंद पडला, पाणी तापलं आणि झोआ वितळायला लागले तर हातानं चोळत बसू नका. ग्लोव्हज घालून मेलेला भाग पाण्यातच सायफननं ओढून घ्या, पाणी बदला, फिल्टरमध्ये नवीन ॲक्टिव्हेटेड कार्बन टाका.

एवढं करूनही त्रास झालाच तर? डोळ्यात उडालं तर नळाच्या साध्या पाण्याखाली किमान १५ मिनिटं धुवा, लेन्स असेल तर काढा, आणि थांबेल म्हणत न बसता लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडं जा, बुबुळाला इजा होते. वाफ श्वासात गेली असेल तर खोकला, ताप, हुडहुडी, तोंडात कडवट किंवा धातूसारखी चव, अंग दुखणं हे काही तासांनी सुरू होऊ शकतं. घरातले सगळे, कुत्रं-मांजरसुद्धा, बाहेर काढा, टँक आवरायला परत आत जाऊ नका, १०८ ला फोन लावा किंवा थेट सिव्हिल गाठा. तिथं नुसतं ताप-खोकला सांगितलं तर डॉक्टरांना व्हायरलच वाटणार, त्यात त्यांची काय चूक, म्हणून कागदावर लिहूनच द्या : झोअँथिड कोरल, पॅलिटॉक्सिन, वाफ श्वासात गेली, अमुक वाजता. यावर उतारा नाही, लक्षणांवरच उपचार होतात, म्हणून त्यांना ईसीजी आणि स्नायूंसाठी सीपीके (रक्ताची तपासणी) करायची का ते विचारा, आणि बरं वाटतंय म्हणून मधेच घरी निघून येऊ नका.