मिशनवरचा वाढदिवस: ब्राझीलमध्ये, घरापासून दूर

लोक ज्याला 'मॉर्मन चर्च' म्हणतात, त्याचं पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. 2018 पासून हेच नाव वापरा, असा चर्चचा आग्रह आहे. या चर्चचे तरुण मुलगे 24 महिने आणि मुली 18 महिने मिशनवर, म्हणजे धर्मप्रसाराच्या सेवेसाठी, घरापासून दूर जातात. त्यामुळे मुलांचे दोन आणि मुलींचा निदान एक वाढदिवस घराबाहेर जातो. त्या दिवशी सुट्टी नसते. साडेसहाला उठणं, अभ्यास, दिवसभर पायपीट आणि लोकांच्या भेटी, रात्री साडेदहाला दिवे बंद, हा क्रम तसाच चालतो. म्हणून वाढदिवसाची तयारी आधीच्या सोमवारी करावी लागते आणि ती जोडीदाराने, म्हणजे सोबत राहणाऱ्या दुसऱ्या मिशनरीने, करावी. ज्याचा वाढदिवस आहे तो स्वतःहून काही मागत नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, नव्याने ओळख झालेल्या माणसाला 'उद्या माझा वाढदिवस आहे' हे सांगणं फार अवघड असतं. जोडी ठरली की पहिल्याच आठवड्यात जोडीदाराची तारीख विचारून वहीत लिहून ठेवा.

आधी वार बघा

सोमवार सहसा पी-डे, म्हणजे तयारीचा दिवस असतो. कपडे धुणं, बाजारहाट, घरी फोन हे सगळं त्याच दिवशी उरकतं. वाढदिवस सोमवारी आला तर उत्तमच. रविवारी आला तर दुकानात जायचं नाही, म्हणून सामान शनिवारीच आणून ठेवा. महिन्याचा पहिला रविवार असेल तर उपास असतो. सलग दोन जेवणं, म्हणजे साधारण 24 तास, काही खायचं-प्यायचं नाही. अशा वेळी केक रविवारी संध्याकाळी उपास सोडताना कापा. एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये पहिल्या शनिवार-रविवारी चर्चची जनरल कॉन्फरन्स असते आणि उपास वेगळ्या रविवारी जातो, तेव्हा त्या महिन्यांत आधी विचारून घ्या.

बदल्या साधारण दर सहा आठवड्यांनी होतात. वाढदिवस बदलीच्या आठवड्यात येत असेल तर बेत दोन-तीन दिवस अलीकडे घ्या. नव्या गावात, नव्या जोडीदारासोबत पहिल्याच दिवशी कोणालाच काही सुचत नाही.

घरच्यांनी काय करावं

फेब्रुवारी 2019 पासून मिशनरी दर आठवड्याला पी-डेला घरी फोन किंवा व्हिडिओ कॉल करू शकतात. त्याआधी असा फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला व्हायचा. वाढदिवस गुरुवारी असेल तर फोन आधीच्या सोमवारी ठरवा. नंतरच्या सोमवारपर्यंत ताटकळत राहणं जड जातं. नेमक्या त्याच दिवशी बोलायचं असेल तर मिशनच्या अध्यक्षांना आधी विचारावं. वेळेचा घोळ हमखास होतो. साओ पाउलोच्या मानाने युटा, म्हणजे अमेरिकेतलं चर्चच्या मुख्यालयाचं राज्य, तिथल्या हिवाळ्यात 4 तास मागे असतं आणि उन्हाळ्यात 3 तास. ब्राझीलने 2019 मध्ये घड्याळं पुढे-मागे करणं बंद केलं, अमेरिकेत ते अजून चालू आहे. मानाउसला साओ पाउलोपेक्षाही एक तास कमी धरा.

पार्सलपेक्षा पत्र बरं. ब्राझीलमध्ये बाहेरून आलेल्या पार्सलवर 60 टक्क्यांपर्यंत आयातशुल्क आणि वर राज्याचा कर लागू शकतो. घेणाऱ्याचा सीपीएफ, म्हणजे तिथला करदाता क्रमांक, लिहिला नसेल तर पार्सल अडकतं. पाठवायचंच असेल तर दोन-अडीच महिने आधी पाठवा आणि पत्ता खोलीचा नको, मिशन ऑफिसचा द्या. खोली बदलते, ऑफिस तिथेच राहतं. सगळ्यात उपयोगी पडतो तो दोन मिनिटांचा आवाजी निरोप. जोडीदाराची हरकत नसेल तर तो आधीच्या पी-डेला त्याच्याकडे पाठवून ठेवा. त्यात लाडाचं नाव आवर्जून घ्या. बिल्ल्यावर आडनाव असतं, सगळे 'एल्डर' किंवा 'सिस्टर' म्हणून आडनावानेच हाक मारतात. स्वतःचं पहिलं नाव महिनोन्महिने कानावर पडत नाही.

ब्रिगादेरो

ब्राझीलमध्ये ब्रिगादेरोशिवाय वाढदिवस होत नाही. 1945 च्या अध्यक्षीय निवडणुकीतले उमेदवार ब्रिगेडियर एदुआर्दो गोमेस यांच्यावरून हे नाव पडलं असं मानतात. ओव्हन लागत नाही, मिक्सर लागत नाही, म्हणून मिशनरींच्या खोलीत हाच पदार्थ जमतो.

395 ग्रॅमचा कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा, 3 मोठे चमचे कोको, 1 मोठा चमचा लोणी आणि वरून लावायला चॉकलेटच्या शेवया. डबा घेताना वरची अक्षरं वाचा: 'लेइची कोंदेन्सादू' हवं. शेजारीच स्वस्तात 'मिस्तुरा लाक्तेआ' लिहिलेलं मिळतं. त्यात निव्वळ दूध नसतं, मिश्रण नीट आळत नाही. कोकोऐवजी दुधात घालायची गोड चॉकलेट पावडर वापरली तर 4 चमचे लागतात आणि गोडीही वाढते.

कोको आधी थंड कंडेन्स्ड मिल्कमध्ये कालवून घ्या, गरम झाल्यावर घातला तर गुठळ्या राहतात. मग लोणी घालून जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवा आणि साधारण 10 मिनिटं न थांबता ढवळा. पातळ अॅल्युमिनियमचं भांडं असेल तर आच आणखी कमी करा, नाहीतर तळ करपून काळे कण वर येतात आणि ते काढता येत नाहीत. खूण आपल्या पेढ्या-बर्फीचीच: मिश्रण कडा सोडू लागतं, चमचा ओढला की तळ दोन-तीन सेकंद दिसतो, पातेलं कलतं केलं की गोळा एकसंध घसरतो. आधीच उतरवलं तर गोळ्या वळत नाहीत, वाटीत घालून चमच्याने खा. फार आटवलं तर गार झाल्यावर चिक्कट टॉफी होते. मग दोन चमचे दूध घालून पुन्हा मंद आचेवर सैल करा. लोणी लावलेल्या ताटात काढून तास-दोन तास गार होऊ द्या, हाताला लोणी लावून सुपारीपेक्षा जरा मोठ्या गोळ्या वळा आणि शेवयांत घोळवा. एका डब्यात 20 ते 25 होतात.

केक विकत आणणार असाल तर कॉफीच्या आणि रम घातलेल्या केकपासून लांब राहा, चर्चच्या आरोग्यनियमात दोन्ही बसत नाहीत. सोबत ग्वाराना, म्हणजे तिथलं शीतपेय, चालतं.

कोणाच्या घरी

ब्राझीलमध्ये चर्चची कुटुंबं मिशनरींना दुपारी जेवायला बोलावतात. त्या दिवशी ज्यांच्याकडे जेवण आहे त्यांना दोन दिवस आधी कळवा, पण केकचा खर्च त्यांच्यावर टाकू नका. ब्रिगादेरो तुम्हीच घेऊन जा. मिशनरी मुलगे असतील तर त्या घरात दुसरा मोठा पुरुष हवा, मुली असतील तर मोठी बाई हवी, हा नियम त्या दिवशीही पाळायचा असतो.

गाणं होईपर्यंत गोडाला हात लावायचा नाही, ही तिथली रीत. टाळ्या वाजवत गाणं संपलं की लगेच 'हा लग्न कोणाशी करणार' असं चिडवणारं कडवं सुरू होतं. मिशनरी तर या काळात कोणाबरोबर फिरायलाही जात नाहीत, त्यामुळे नव्या मुलाचे कान लाल होतात. जोडीदाराने आधी सांगून ठेवावं. हसून सोडून द्यायचं. केकचा पहिला तुकडा मानाचा असतो आणि कोणाला देतोय याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. तो घरच्या काकूंना द्या. तिथे बसलेल्या समवयस्क मुलीला दिला तर गावभर चर्चा होते. वाढदिवस असणाऱ्यावर अंडी फोडून पीठ उधळायची हौसही तिथल्या पोरांना असते. पांढरा शर्ट त्यातून धुऊन निघत नाही, तेव्हा पी-डेचा जुना टी-शर्ट पिशवीत असू द्या.

रात्री नऊ

सकाळ निभावते, दुपार गडबडीत जाते. घर आठवतं ते रात्री नऊला, खोलीत परतल्यावर, दार लावल्यावर. म्हणून चार ब्रिगादेरो आणि घरचा निरोप त्या वेळेसाठी राखून ठेवा, दिवसा देऊ नका. निरोप लावला की जोडीदाराने त्याच खोलीत, पण पाठ करून, भांडी घासायला घ्यावीत. एकट्याला सोडायचं नसतं, आणि रडू आलं तर बघतही बसायचं नसतं. साडेदहापर्यंत दीड तास असतो, तेवढा पुरतो. उरलेल्या गोळ्या डब्यात झाकून फ्रिजमध्ये चार दिवस राहतात.

पुढच्या सोमवारी केक कापतानाचा फोटो घरी पाठवा आणि जेवू घालणाऱ्या काकूंच्या दारात दोन ओळींची चिठ्ठी देऊन या.