अ‍ॅक्टिनचा बँड वाचायला शिकताना

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी माझा असा पक्का समज होता की वेस्टर्न ब्लॉटमध्ये (जेलवर आकारानुसार वेगळी केलेली प्रथिने मेम्ब्रेन नावाच्या पातळ पडद्यावर उतरवून अँटिबॉडीने ओळखण्याची पद्धत) ४२ किलोडाल्टनजवळचा अ‍ॅक्टिनचा (पेशीच्या सांगाड्यातील प्रथिनाचा) बँड, म्हणजे पट्टा, सर्व लेनमध्ये (नमुन्यांच्या रांगांत) सारखा ठळक दिसला, म्हणजे प्रत्येक लेनमध्ये प्रथिन सारखेच भरले गेले आहे. मी प्रत्येक वेलमध्ये (जेलमधल्या खाचेत) ४० मायक्रोग्रॅम लायसेट (फोडलेल्या पेशींचा अर्क) भरत असे, कारण मला शोधायचे असलेले प्रथिन पेशीत अगदी कमी प्रमाणात होते. एकदा माझ्या मार्गदर्शकांनी एकच नमुना ५, १०, २० आणि ४० मायक्रोग्रॅम असा चढत्या प्रमाणात भरून त्यावर तीच अ‍ॅक्टिनची अँटिबॉडी लावायला सांगितली. पहिल्या दोन लेनमधला फरक स्पष्ट मोजता आला. २० आणि ४० मध्ये मात्र प्रथिन दुप्पट असूनही बँड जवळजवळ सारखेच आले. ज्या सारखेपणावर मी आतापर्यंतची सगळी आकडेमोड उभी केली होती, तो केवळ संपृक्त झालेल्या, म्हणजे कमाल मर्यादेला पोहोचून आणखी न वाढणाऱ्या सिग्नलचा परिणाम होता, हे त्या दिवशी कळले आणि ते पचवायला मला वेळ लागला.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की हा चढत्या प्रमाणाचा ब्लॉट पहिल्याच आठवड्यात करावा. अ‍ॅक्टिन पेशीत विपुल असल्यामुळे बहुधा भरण कमी करावे लागते, अँटिबॉडी अधिक विरल करावी लागते आणि एक्स्पोजर (सिग्नल टिपण्याचा वेळ) काही सेकंदांवर आणावे लागते. ब्लॉकिंगच्या (मेम्ब्रेनवरची रिकामी जागा झाकण्याच्या) आधी पॉन्सो एस हा सर्व प्रथिने दाखवणारा रंग देऊन मेम्ब्रेनचे छायाचित्र जपून ठेवावे. एकूण प्रथिनाचा तो पुरावा मला आज अ‍ॅक्टिनच्या बँडइतकाच मोलाचा वाटतो.

अँटिबॉडी मागवताना क्लोन (ती अँटिबॉडी बनवणारा विशिष्ट पेशीवंश) पाहूनच मागवावी. सस्तन प्राण्यांत अ‍ॅक्टिनची सहा रूपे आढळतात. एसी-१५ हा उंदराचा मोनोक्लोनल क्लोन बीटा-अ‍ॅक्टिनच्या एन-टोकाकडील भाग ओळखतो, तर सी४ हा क्लोन सर्व रूपे ओळखतो. प्रौढ कंकाल स्नायूत बीटा रूप फारच कमी असते, त्यामुळे पेशीसंवर्धनात उत्तम चाललेली अँटिबॉडी तेथे फिकट बँड देते आणि नवखा विद्यार्थी ट्रान्सफरलाच (प्रथिने जेलवरून मेम्ब्रेनवर उतरवण्याच्या पायरीला) दोष देत बसतो. उलट, टीजीएफ-बीटा (पेशींना संदेश देणारे प्रथिन) दिलेल्या फायब्रोब्लास्टमध्ये (संयोजी ऊतीतील पेशींमध्ये) मृदू स्नायूंमधले अल्फा-अ‍ॅक्टिन वाढते. तेथे सर्व रूपे ओळखणारा क्लोन नियंत्रण (तुलनेचा आधार) म्हणून वापरल्यास ते नियंत्रणच उपचारानुसार बदलू शकते.

उंदराच्या ऊतीवर उंदराचीच अँटिबॉडी वापरल्यास दुय्यम अँटिबॉडी (पहिल्या अँटिबॉडीला चिकटून सिग्नल देणारी) ऊतीतील इम्युनोग्लोब्युलिनची ५० किलोडाल्टनची जड साखळीही दाखवते, आणि ती अ‍ॅक्टिनच्या इतकी जवळ येते की लहान जेलवर दोन्हींची गल्लत होते. अशा वेळी सशाची अँटिबॉडी घ्यावी. कुपी आल्याबरोबर तिचे लहान भाग करून गोठवावेत. एचआरपी (सिग्नल निर्माण करणारे एन्झाइम) जोडलेल्या अँटिबॉडीच्या द्रावणात सोडियम अझाइड मात्र कधीही घालू नये, कारण ते त्या एन्झाइमचे कार्य थांबवते.