वरसंशोधन आणि हेरगिरी: रीजन्सी काळातली प्रेमकादंबरी कशी लिहावी

१८१५ सालच्या लंडनमध्ये उपवर मुलीला जे जमावं लागे, तेच हेरालाही जमावं लागे. चेहऱ्यावर काही दिसू न देता ऐकायचं, एखाद्याची मिळकत, कर्ज आणि नातीगोती तिसऱ्याच माणसाकडून काढून घ्यायची, आणि आपल्याला काय हवंय याचा पत्ता लागू द्यायचा नाही. या कादंबरीप्रकाराची सगळी गंमत या साम्यात आहे. तरीही बहुतेक पहिल्या खर्ड्यांत तीन प्रकरणं नाचगाण्याची, मग तीन प्रकरणं पाठलागाची, असे दोन वेगळे दोर शेजारी टांगलेले दिसतात. गोफ विणायचा तर दोन्ही पदर प्रत्येक फेरीत एकमेकांवरून जायला हवेत. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

१. आधी कॅलेंडर, मग कथानक

राजा तिसरा जॉर्ज आजारी असल्याने युवराजाने राजप्रतिनिधी म्हणून कारभार पाहिला, तो काळ म्हणजे रीजन्सी: ५ फेब्रुवारी १८११ ते २९ जानेवारी १८२०. हा सगळा पट्टा घेऊ नका. दहा ते तेरा आठवडे निवडा आणि तेवढ्यातच राहा.

सर्वांत भरलेला तुकडा १८१५ चा वसंत आणि उन्हाळा. नेपोलियन एल्बा बेटावरून निसटून २० मार्चला पॅरिसमध्ये शिरला. ईस्टर २६ मार्चला होता आणि लंडनचा लग्नाळू हंगाम खरा रंगायचा तो ईस्टरनंतर. १८ जूनला वॉटर्लूची लढाई झाली, तिची अधिकृत बातमी लंडनला पोचली २१ जूनच्या रात्री. म्हणजे युद्धाची घडी आणि लग्नाच्या बाजाराची घडी इथे आपोआप जुळते. सेंट जेम्स भागातल्या किंग स्ट्रीटवरच्या ऑलमॅक्स या उच्चभ्रू नाचघरात बुधवारी नाच असे. २९ मार्च ते २१ जून या काळात १३ बुधवार येतात. प्रत्येक बुधवारामागे दोन प्रकरणं धरली तर २६ होतात, आणि प्रकरणाला २,८०० शब्द दिले तर कादंबरी साधारण ७३,००० शब्दांवर थांबते. भिंतीवर १३ चौकटींचा कागद लावा. प्रत्येक चौकटीत दोनच गोष्टी लिहा: या आठवड्यात नायिकेला कोणत्या स्थळाबद्दल काय कळलं, आणि कोणती बातमी कुणाच्या हाती लागली. एखाद्या चौकटीत एकच गोष्ट लिहिता आली तर तिथे गोफ सुटलाय.

२. गुपित एकच, पण मुदतीचं

‘फ्रेंचांचा मोठा कट’ एवढ्यावर भागत नाही. गुपित असं हवं की ठरावीक तारखेनंतर त्याची किंमत शून्य होईल. नेपोलियन सीमा कुठे ओलांडणार, हे १४ जूनपर्यंत सोन्याचं आहे. १५ जूनला त्याची फौज आजच्या बेल्जियममधल्या शार्लरॉईपाशी साम्ब्र नदी ओलांडते आणि ते गुपित उरत नाही. दुसरा चांगला पर्याय पैशाचा. २१ फेब्रुवारी १८१४ ला लष्करी गणवेशातला एक माणूस डोव्हरच्या सरायीत उतरला, नेपोलियन मारला गेल्याची थाप त्याने पसरवली, आणि लंडनच्या शेअरबाजारात सरकारी रोख्यांचे भाव दिवसभरासाठी चढले. डोव्हरजवळच्या डील बंदरातून नौदलाच्या तारायंत्राने बातमी पुढे जावी असा बेत होता. ते यंत्र म्हणजे टेकड्याटेकड्यांवरच्या सहा झडपांच्या चौकटी, दुर्बिणीतून वाचायच्या. त्या दिवशी धुकं होतं आणि काही दिसलं नाही. असं धुकं कादंबरीकाराला फुकट मिळतं, ते सोडू नये.

नायकाचा मालक कोण तेही नक्की करा. त्या काळात एक अशी गुप्तचर संस्था नव्हती. परराष्ट्र खात्याकडे गुप्त निधी होता. गृहखात्याखालची एलियन ऑफिस ही कचेरी परदेशी लोकांवर नजर ठेवी. टपालखात्यातल्या गुप्त कक्षात परदेशी पत्रं उघडून, नकलून, पुन्हा मोहोरबंद होत. या तिघांचं आपसांत पटत नाही असं दाखवलंत तर अर्धं कथानक तिथेच उभं राहतं.

मराठी लेखकाला इथे एक अडचण येते. बहिर्जी नाईकांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकाला हेर म्हटलं की अभिमान वाटतो. तिथल्या उमरावी समाजात मात्र वेष पालटून बातम्या काढणं हलकं मानत. ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनचे टेहळणी अधिकारी शत्रूच्या मुलखात गणवेशातच फिरत. मेजर कहून ग्रँट १८१२ मध्ये फ्रेंचांच्या हाती लागला, तेव्हा अंगावर गणवेश होता म्हणून त्याला युद्धकैदी मानलं गेलं; साध्या कपड्यांत सापडता तर जीव गेला असता. ही लाज पहिल्या तीन प्रकरणांत वाचकाच्या मनात रुजवा. नाहीतर ‘हा तिला सरळ सांगून का टाकत नाही?’ हा प्रश्न शेवटपर्यंत टोचत राहील. तिच्या घरच्यांना कळलं तर देशसेवेसाठी त्याचा सत्कार होणार नाही, स्थळ मोडेल.

३. नायिकेचा जमाखर्च

तिच्या नावावर किती पौंड आहेत ते पहिल्या प्रकरणाआधी ठरवा. १०,००० पौंड सरकारी रोख्यांत असतील तर ४ ते ५ टक्क्यांनी वर्षाला ४०० ते ५०० पौंड येतात. लग्न होताच कायद्याने तिचा पैसा नवऱ्याचा होतो. वाचवायचा असेल तर वकिलांकडून लग्नाआधी करारनामा करावा लागतो. त्यात तिचा हातखर्च, वैधव्यात मिळणारी वार्षिक रक्कम आणि मुलांचा वाटा लिहिलेला असतो. याला ‘हुंडा’ म्हणून मोकळं होऊ नका. आपल्याकडच्या हुंड्याचा अर्थ वाचक सोबत आणेल आणि करारनाम्यातली झुंज हरवेल.

घराणं आणि जमीन थोरल्या मुलाकडे जाते. धाकट्यांनी फौज, आरमार, चर्च नाहीतर वकिली धरायची. म्हणून हेर नायक सहसा धाकटा मुलगा, आणि म्हणूनच आईच्या यादीत नसलेला. अन्य दोन स्थळं खरी चांगली असू द्या. एक मूर्ख आणि एक दुष्ट अशी जोडी असेल तर निवडीला काही अर्थ राहत नाही.

एक कायदेशीर खुंटी हाताशी ठेवा: सर्वसाधारण गुन्हेगारी खटल्यात पतीविरुद्ध पत्नीची साक्ष घेत नसत. नायिकेने काही पाहिलंय आणि त्यानंतर दोनच दिवसांनी एक देखणा, श्रीमंत माणूस मागणी घालतो. मागणी प्रेमापोटी आहे की साक्षीच्या भीतीने? असा एक प्रश्न दहा पाठलागांपेक्षा जड भरतो.

४. नाचाचा प्रसंग

या प्रकारातलं सगळं कौशल्य इथे लागतं, म्हणून जरा थांबून पाहू.

ऑलमॅक्समध्ये प्रवेशाचा परवाना देणाऱ्या मानकरी स्त्रियांमध्ये लेडी कॅसलरे होती, म्हणजे परराष्ट्रमंत्र्याची बायको. काउंटेस लीव्हेनही होती, म्हणजे रशियन राजदूताची बायको. लग्नं जुळवणाऱ्या आणि युरोपचं राजकारण घरच्या जेवणाच्या टेबलावर ऐकणाऱ्या बायका एकच होत्या. तिथे दारू नसे. लिंबाचं सरबत, चहा, पातळ पाव आणि लोणी. रात्री ११ नंतर दार बंद. उशिरा आलेला निरोप्या आत येऊ शकत नाही, आणि आत असलेल्या मुलीला एकटीने बाहेर पडता येत नाही.

नाचाचा एक जोड, म्हणजे लागोपाठचे दोन नाच, साधारण अर्धा तास चाले. एकाच पुरुषाबरोबर दोनपेक्षा जास्त जोड नाचले की लोक लग्न ठरलं असं धरत. त्यामुळे नायक-नायिकेकडे सबंध रात्रीत फार तर एक तास असतो, तोही शंभर डोळ्यांसमोर. हा हिशेब पाळा. रांगेच्या नाचात जोडीदार दर काही पावलांनी दूर जातात, म्हणून संवादही तुटकच लिहा:

*“तुमचे बंधू ब्रसेल्सहून काय लिहितात?” हेस्टरने हात पुढे करत विचारलं.*
*नाचाने दोघांना दूर नेलं. आठ पावलं. परत आल्यावर कॅप्टन ॲश म्हणाला, “हवा छान आहे म्हणतो.”*
*“गेल्या आठवड्यातही? तिथून आलेल्या प्रत्येकाच्या तोंडी पाऊसच आहे.”*
*तो हसला. या वेळी हात सोडायला त्याने अर्धा ठोका उशीर केला.*

भाऊ ब्रसेल्समध्ये नाही हे तिला कळलं, तिला कळलंय हे त्याला कळलं, आणि त्याला राग आला नाही. चार ओळींत दोन्ही पदर पुढे सरकले. प्रत्येक नाचाच्या प्रसंगाला हीच कसोटी लावा: हेरगिरीची ओळ खोडली तर प्रेमाची ओळ लंगडी पडली पाहिजे.

५. पत्रं आणि सांकेतिक लिपी

त्या काळी पाकिटं वापरात नव्हती. कागद घडी घालून लाखेने किंवा चिकटटिकलीने बंद करत. टपालाचा खर्च पत्र घेणाऱ्याने द्यायचा, अंतरानुसार आणि कागदांच्या संख्येनुसार; दोन कागद म्हणजे दुप्पट. म्हणून एकाच कागदावर आडवं लिहून झालं की तोच कागद फिरवून उभं लिहीत. खासदाराला दिवसाला ठरावीक पत्रं फुकट पाठवता येत, पण पत्ता आणि तारीख त्याच्याच अक्षरात हवी. खासदार काकांच्या सहीखाली भलतंच पत्र जातंय, हे पुतणीच्या लक्षात येऊ शकतं: तारखेचं वळण काकांच्या अक्षरासारखं नाही. साखरपुडा न झालेल्या मुलीने परक्या पुरुषाला पत्र लिहिणं हीच बदनामी, तेव्हा तिच्या हातातलं गुप्त पत्र दोन्ही बाजूंनी घातक ठरतं.

लिंबाच्या रसाने ओळींच्या मध्ये लिहिलेला मजकूर मेणबत्तीच्या उष्णतेने तपकिरी होतो. तो एकदा दिसला की पुन्हा लपत नाही. नायिकेने वाचलं याचा पुरावा कागदावर राहतो, आणि लेखक हे नेमकं विसरतात.

संकेत उकलायचा असेल तर अक्षरांची वारंवारता मोजण्याच्या भानगडीत पडू नका. मूळ पत्र फ्रेंच, वाचक देवनागरीत वाचतोय. तो हिशेब त्याला करून बघता येत नाही. अंकांचा संकेत घ्या. १८१२ मध्ये वेलिंग्टनच्या फौजेतल्या जॉर्ज स्कोव्हेलने सुमारे १,४०० अंकांचा फ्रेंच संकेत फोडला. फ्रेंच कारकून घाईत अर्धं वाक्य साध्या शब्दांत लिहीत, याचा त्याला मोठा उपयोग झाला. तुम्हीही तसंच करा: ‘७८० ने ५१३ चा पूल १५ तारखेला ताब्यात घ्यावा.’ पूल आणि तारीख उघडी आहे. नकाशा मांडून नायिका सीमेवरची पुलाची गावं मोजते, वाचकही तिच्याबरोबर मोजतो, आणि ५१३ म्हणजे शार्लरॉई हे दोघांना एकाच पानावर उमगतं.

६. तू, तुम्ही आणि नावं

समोरच्या माणसासाठी इंग्रजीत एकच सर्वनाम आहे, मराठीत तीन. ही आपली श्रीमंती आहे, ती जपून खर्चा. नायक-नायिका ‘तुम्ही’वर सुरू होतील, ड्यूकला ‘आपण’. पहिलं ‘तू’ कोण, कुठे, कोणत्या धोक्यात म्हणतो, ते चौकटींच्या कागदावर आधीच लाल शाईने लिहा. दहाव्या बुधवारापूर्वी नको. त्यानंतर चारचौघांत पुन्हा ‘तुम्ही’वर परतणं हे आपोआप गुप्त खुणेसारखं काम करतं.

‘सर’ नेहमी पहिल्या नावाला लागतो: सर जॉन, आडनावाला कधीच नाही. थोरली मुलगी ‘मिस वेन’, धाकटी ‘मिस हेस्टर वेन’. सोबतीच्या प्रौढ बाईसाठी ‘पाठराखीण’ हा सुंदर शब्द मोह घालतो, पण तो नववधूबरोबर सासरी जाणारीचा आहे. इथे ‘शॅपरोन’च बरा.

महाराष्ट्राचा धागा हवा असेल तर एक खरा आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला जालन्याजवळ असईला आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा वेलिंग्टन, मराठ्यांशी लढला. नायकाचा वरिष्ठ त्या लढाईतून लंगडत आलेला असू शकतो. तेवढंच पुरे.

७. काळाची चूक कुठे होते

आगकाडी नको, घासून पेटणारी काडी १८२७ च्या सुमारास विक्रीला आली. लंडनचे नवे पोलीस १८२९ चे. त्याआधी गुन्हेगार पकडायला बो स्ट्रीटच्या न्यायालयाची माणसं. क्लोरोफॉर्मचा रुमाल १८४७ नंतरचा. पंख्याची ‘गुप्त भाषा’ हीसुद्धा पुढच्या काळातल्या पंखेविक्यांची करामत. रस्त्यावरचे गॅसचे दिवे लंडनच्या काही भागांत चालतील, घरात मेणबत्त्याच.

८. शेवटची रात्र आणि लग्न

२१ जूनला मेजर हेन्री पर्सी वॉटर्लूचा खलिता घेऊन लंडनला आला. तो खलिता त्याने ब्रसेल्सच्या नाचात एका स्त्रीने दिलेल्या मखमली थैलीत ठेवला होता. फ्रेंच पलटणींच्या निशाणांवरची जिंकलेली गरुडचिन्हं बग्गीच्या खिडक्यांतून बाहेर आली होती. युवराज त्या वेळी सेंट जेम्स स्क्वेअरमध्ये मिसेस बोह्म यांच्या मेजवानीत होता. पर्सी तिथेच शिरला आणि नाच थांबला. तुमच्या पात्रांना त्या दिवाणखान्यात उभं करा. नाच थांबल्यावर आनंदाआधी प्रत्येक बाई मृतांच्या यादीची वाट पाहते. नायिकेला जे तोपर्यंत कबूल करता आलं नाही ते तिच्या चेहऱ्यावर तिथे दिसू द्या.

त्यानंतर घाईने लग्न लावू नका. विशेष परवाना कँटरबरीच्या आर्चबिशपकडून मिळे, पण तो सरसकट कुणालाही मिळत नसे. साधा मार्ग म्हणजे चर्चमध्ये लागोपाठ तीन रविवार घोषणा. मुलगी २१ वर्षांखालची असेल तर बाप भर चर्चमध्ये उठून हरकत घेऊ शकतो, म्हणजे तिन्ही रविवार ताणाचे. इथे ते २५ जून, २ जुलै आणि ९ जुलै असे येतात. लग्न सोमवारी, १० जुलैला, सकाळी ८ ते दुपारी १२ च्या दरम्यान लावायचं. त्यानंतरची वेळ कायद्याला चालत नाही.