मालदीवला जाताय? आधी विमान किती वाजता उतरतं ते बघा

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत सध्या मालदीवची लाट आहे. सगळे आधी पाण्यावरच्या व्हिलाचे फोटो बघतात आणि विमानाचं तिकीट शेवटी, स्वस्त मिळेल ते काढतात. मी नेमकं हेच केलं होतं. विमान संध्याकाळी मालेला उतरलं आणि कळलं, की रिसॉर्टच्या बेटावर नेणारं सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं छोटं विमान, फक्त दिवसाउजेडी उडतं. ती रात्र विमानतळाजवळच्या हुलहुमाले बेटावर साध्या हॉटेलात काढली, रिकाम्या व्हिलाचं भाडं मात्र चालूच!

म्हणून आधी रिसॉर्टला विचारा: तुमच्याकडे यायचं ते सीप्लेनने की स्पीडबोटीने? सीप्लेन असेल तर दुपारी तीनच्या आत मालेला उतरणारंच विमान घ्या. परतीचं तिकीटही दुपारनंतरचं काढा. पहाटे पाचला निघणारं विमान स्वस्त दिसतं, पण मग शेवटची रात्र मालेतच जाते. मालदीवचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे, हा हिशेबही धरा.

सीप्लेनमध्ये सामानाची मर्यादा साधारण २० किलो, हातातली बॅग ५ किलो. जास्तीचे पैसे डॉलरमध्ये लागतात, तेव्हा चकली-चिवड्याचा डबा घरी वजनकाट्यावर ठेवून बघा. (आईसमोर नको.)

दर विचारताना ‘सगळे कर धरून किती?’ असं लेखी घ्या. आकड्यापुढे दोन अधिकची चिन्हं (++) असतील, तर सर्व्हिस चार्ज आणि कर वेगळे. सीप्लेनचं भाडंही बहुतेक वेळा त्यात नसतं.