झाडासारखी स्वतःहून वळणारी लाकडी पट्टी: नव्यांसाठी सुरुवात

कललेलं खोड सरळ व्हायला लागतं ते नव्याने तयार झालेल्या लाकडाच्या जोरावर. पाइनसारखे सूचिपर्णी वृक्ष खालच्या बाजूला कम्प्रेशन वुड (दाब देणारं लाकूड) बनवतात. त्यातले सेल्युलोजचे सूक्ष्मतंतू पेशीच्या अक्षाशी 30 ते 50 अंशांचा कोन करतात, लिग्निन (पेशीभित्तींना कडक करणारा पदार्थ) जास्त असतं आणि हे लाकूड खोडाला वर ढकलतं. पॉप्लरसारखा रुंद पानांचा वृक्ष वरच्या बाजूला टेन्शन वुड (ताण देणारं लाकूड) बनवतो. तिथे तंतू अक्षाला जवळजवळ समांतर असतात आणि लाकूड खेचतं.

इथे नवखे एक गल्लत करतात. जिवंत झाडातला हा ताण पेशी पक्व होताना एकदाच तयार होतो. कापलेलं लाकूड मात्र हवेतल्या दमटपणाने पुन्हापुन्हा फुगतं आणि आकसतं. पाइनचा सुका शंकू उघडतो-मिटतो तो असा. आपल्या पट्टीचं काम यातल्या कोणत्या तऱ्हेचं आहे, एकदाच वळण्याचं की पुन्हापुन्हा हलण्याचं, हे आधी ठरवा.

पहिला प्रयोग दोन थरांच्या पट्टीचाच करावा. लाकूड रेष्यांच्या आडव्या दिशेत फुगतं, लांबीच्या दिशेत फारसं नाही; म्हणून फुगणाऱ्या थराचे रेषे पट्टीच्या लांबीला आडवे, अडवणाऱ्या थराचे लांबीच्या दिशेने. फुगणाऱ्या थरासाठी ओंडका सोलून काढलेलं बीच झाडाचं व्हेनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा) घ्या; ते आडव्या दिशेत जास्त हलतं. दोन्ही थर मॅग्नेशियम क्लोराइडच्या संपृक्त द्रावणावर, बंद डब्यात (33 टक्के आर्द्रता), वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. मगच चिकटवा. पुढे मिठाच्या संपृक्त द्रावणावर (75 टक्के) नेलं की फुगणारा थर बाहेरच्या बाजूला राहून पट्टी वळते.

पांढरा गोंद टाळा. त्यातलं पाणी व्हेनिअर आधीच फुगवतं आणि सुरुवातीचा आकारच चुकतो. एकघटकी (काही न मिसळता वापरायचं) पॉलियुरेथेन चिकटद्रव्य बरं, फक्त कोरड्या लाकडावर ते घट्ट व्हायला वेळ घेतं. गुण्या व्हेनिअरच्या कडेला नको, रेष्यांना लावून कापा. कोन चुकला की पट्टी पिळते.

जाडीचं प्रमाण सगळ्यात दुर्लक्षित राहतं, आणि खरी गंमत तिथेच आहे. अडवणारा थर पट्टीच्या लांबीच्या दिशेत फुगणाऱ्या थरापेक्षा साधारण 15 पट ताठ असतो. दोन्ही थर 1 मिमी आणि प्रसरणातला फरक 2 टक्के धरला, तर दुथरी पट्टी किती वळेल हे सांगणाऱ्या टिमोशेंकोच्या 1925 च्या सूत्राने वक्रतेची त्रिज्या सुमारे 120 मिमी येते. एकूण जाडी तीच ठेवून फुगणारा थर 1.5 आणि अडवणारा 0.5 मिमी केला, की त्रिज्या 70 मिमीच्या आत येते! जाडी वाढवताना मात्र वेळेचा हिशेब ठेवा: ओलावा झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो, दुप्पट जाडीला चौपट.

भार पेलायचा असेल तर पुन्हापुन्हा हलणारी पट्टी कामाची नाही. जर्मनीतल्या 14 मीटर उंच उर्बाख मनोऱ्यात (2019) स्प्रूसचे सपाट दुथरी फलक वाळवून वळू दिले आणि मग एकमेकांना चिकटवून तो आकार कायमचा बांधला. हालचाल एकदाच, कललेल्या खोडासारखी.